हिमोग्लोबिन ९.४, चार महिने गोळ्या घेऊनही वाढत नाही. नक्की काय शोधायचं?

पर्वतीपायरी | रविवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. मी ४१ वर्षांची, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. गेली दहा वर्षं दर रविवारी सकाळी पर्वती चढायचा नेम आहे. १०३ पायऱ्या, एका दमात. जानेवारीत पहिल्यांदा अर्ध्यात बसावं लागलं. छातीत धडधड, कानात ठोके ऐकू येत होते. मागून आलेल्या एका आजींनी थांबून विचारलं, "बरं वाटतंय ना गं? अगदी पांढरीफटक दिसतेयस." मला पाणी देऊन त्या वर निघून गेल्या. सत्तरीच्या असतील.

सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) केली तर हिमोग्लोबिन ९.२. मेडिकलमधून लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी आणली. चार महिने रोज सकाळी चहाबरोबर न चुकता घेतली. बीट, खजूर, काळ्या मनुका, गूळ-शेंगदाणे हेही चालू. परवा पुन्हा तपासलं तर ९.४. चार महिन्यांत इतकंच! रिपोर्टवर एमसीव्ही ८७, म्हणजे नॉर्मल. आरडीडब्ल्यू २२ आणि त्यापुढे तारा. पांढऱ्या पेशी ३८००, त्यालाही तारा.

पाळी दोन वर्षांपासून जड जाते. सात दिवस, पहिले तीन दिवस गाठी पडतात. आईचंही असंच होतं म्हणून कधी कुणाला दाखवलं नाही.

९.४ म्हणजे कितपत काळजीचं? गोळ्या लागू पडत नसतील तर पुढे काय करायचं? पायांच्या बोटांना हल्ली मुंग्या येतात, पण ते मांडी घालून बसल्यामुळे असावं, याच्याशी संबंध नसेल.

चिंचपाणी | रविवार, दुपारी १२.०५

ताई, बीटाचा रस रोज एक पेला आणि खजूर दुधात भिजवून. माझ्या वहिनीचं महिन्यात वाढलं. करून बघा.

नळस्टॉप | रविवार, दुपारी १२.१०

गोळी चहाबरोबर?? चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. चार महिन्यांच्या गोळ्या अर्ध्याअधिक वाया गेल्या असणार. चहा आणि गोळी यांत किमान एक तास हवा. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लांब ठेवा. लिंबाच्या सरबताबरोबर घेतलीत तर उत्तम, क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं.

पर्वतीपायरी | रविवार, दुपारी १२.३०

अरे देवा. पाकिटावर काहीच लिहिलं नव्हतं आणि काउंटरवर कुणी सांगितलंही नाही.

स्लाइडवाला | रविवार, दुपारी ३.४५

गेली २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण ताईंच्या रिपोर्टमध्ये बरंच काही आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ॲनिमिया हा ताप येण्यासारखा आहे. ताप आला की आपण विचारतो कशाने आला: मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू? हिमोग्लोबिन कमी आलं की मात्र कशाने हे कुणी विचारत नाही, सरळ गोळी. रक्त कमी होण्याचे मार्ग तीनच. तयार होत नाही, वाहून जातं, किंवा शरीरात फुटतं. एका माणसात दोन मार्ग एकदम असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली, पुरुषाला १३ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली ॲनिमिया म्हणतात. गरोदर नसलेल्या बाईत ८ ते १०.९ म्हणजे मध्यम, ८ च्या खाली तीव्र. म्हणजे ताई, तुमचा मध्यम. घाबरण्यासारखा नाही, पण चार महिने तसाच ठेवण्यासारखाही नाही.

आता एमसीव्ही. लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० नॉर्मल. ८० च्या खाली गेलं की पेशी लहान. लोहाची कमतरता, थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक, जुनाट आजार, क्वचित शिसं. १०० च्या वर गेलं की पेशी मोठ्या. बी१२ किंवा फॉलेट (फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप) यांची कमतरता, दारू, यकृत, थायरॉइड, काही औषधं. मधल्या आकाराच्या पेशी आणि हिमोग्लोबिन कमी, असं असेल तर मूत्रपिंड, जुनाट दाह, नुकताच झालेला रक्तस्राव, पेशी फुटण्याचे आजार किंवा अस्थिमज्जेचा प्रश्न.

ताईंचा एमसीव्ही ८७. दिसायला नॉर्मल. पण ही *सरासरी* आहे. मंडईतून एका टोपलीत निम्मी बोरं आणि निम्मी मोसंबी भरून आणा आणि सरासरी आकार काढा. लिंबाएवढा निघेल. टोपलीत लिंबू एकही नाही! ही फसवणूक पकडून देतो तो आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांत किती तफावत आहे त्याचा आकडा. तो साधारण साडेचौदापर्यंत असतो. तुमचा २२ आहे.

मला तुमची स्लाइड बघावीशी वाटतेय. डॉक्टरांना भेटा आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी१२ यांबद्दल विचारा. पायाच्या मुंग्या त्यांना *नक्की* सांगा. त्या मांडीमुळे असतील असं मला वाटत नाही.

नळस्टॉप | रविवार, दुपारी ४.१०

बोरं-मोसंबी! आता कधी विसरणार नाही.

बाजरीचीभाकरी | रविवार, सायंकाळी ६.३०

चिंचपाणी, राग मानू नका, पण बीटाचं हे एकदा मिटायला हवं. बीटाचा रंग रक्तासारखा आहे म्हणून ते रक्त वाढवतं ही समजूत. १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. बीट चांगली भाजी आहे, कोशिंबीर करून खा, पण त्यावर उपचार म्हणून भिस्त नको. बाजरीत त्याच्या कितीतरी पट लोह असतं. अळीव, राजगिरा, मटकी, हरभरा, तीळ हेही बरे. पालकात लोह आहे पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं.

वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, म्हणून आपल्या आज्यांनी जेवणात आंबट ठेवलं असावं असं मला नेहमी वाटतं. मटकीच्या उसळीवर लिंबू, भाकरीबरोबर ठेचा, पेरूची फोड, आवळ्याचं लोणचं. आणि लोखंडी कढई. टोमॅटो, कोकम, चिंच घातलेलं आंबट कालवण लोखंडात शिजलं की लोह अन्नात खरंच उतरतं. माझ्या सासूबाईंची कढई मी लग्नानंतर माळ्यावर टाकली होती आणि नॉनस्टिक आणलं होतं. मुलीचं हिमोग्लोबिन १०.१ आलं तेव्हा शिडी लावून ती काढली. चिंचेने घासली, तेल लावून तापवली, आता रोज पालेभाजी तिच्यातच. भाजी जरा काळपट होते, मुलगी कुरकुरते, तरी खाते.

पण ताई, ९.४ ला आहार एकटा पुरायचा नाही. आहार पुन्हा कमी होऊ नये म्हणून. भरून काढायला औषधच लागतं.

सुरमई | रविवार, रात्री ८.००

स्पष्ट बोलतो. मटण-मासळीतलं लोह थेट रक्तातल्या रूपात असतं, ते कितीतरी चांगलं शोषलं जातं. कलेजी आठवड्यातून एकदा खाल्ली तर हे धागे काढायची वेळ येणार नाही.

बाजरीचीभाकरी | रविवार, रात्री ८.२०

सुरमईदादा, शोषणाबद्दल शंभर टक्के बरोबर. पण माझी नणंद आठवड्यात तीनदा मटण खाते आणि तिचं हिमोग्लोबिन ८.८ होतं. गर्भाशयात गाठी होत्या. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारं जास्त असेल तर कलेजीने काय होणार?

सुरमई | रविवार, रात्री ८.३५

हे मान्य.

रिकामीओंजळ | रविवार, रात्री १०.५०

बाहेर जाण्यावरून लिहावंसं वाटलं. हे मी याआधी कुठे लिहिलेलं नाही.

माझे बाबा ६३ वर्षांचे. रोज तळजाईला चालायला जाणारे, निर्व्यसनी. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ८.१. एका दवाखान्यात टॉनिक आणि गोळ्या दिल्या, "वयामुळे होतं" म्हणाले. सहा महिने तेच चाललं. दहापर्यंत वाढायचं, गोळ्या थांबल्या की पुन्हा आठ. घरात आम्ही त्यांनाच बोलायचो, नीट जेवत नाही म्हणून.

मग बहिणीच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी फक्त एक वाक्य विचारलं: "पुरुषाचं लोह जातंय कुठे?" बायकांची पाळी असते, मुलांची वाढ असते. वयस्क पुरुषाच्या शरीरातलं लोह असं आपोआप संपत नाही. शौच तपासली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. कर्करोग.

शस्त्रक्रिया झाली, बाबा आज ठीक आहेत. पण ते सहा महिने मला अजून टोचतात. पुरुष असो किंवा पाळी गेलेली बाई असो, लोह कमी आलं तर पोट आणि आतडी तपासल्याशिवाय सोडू नका. मूळव्याध, जठरातला व्रण, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ॲस्पिरिन, सगळ्यांतून रक्त थेंबथेंब जातं. आणि शौच डांबरासारखी काळी होत असेल तर थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, म्हणून गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

स्लाइडवाला | रविवार, रात्री ११.१५

तुम्ही हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. "लोह जातंय कुठे" हा प्रश्न प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावावा असा आहे. काकांना नमस्कार सांगा.

मेतकूट | सोमवार, सकाळी ७.४०

पर्वतीपायरी ताई, तुमच्या मुंग्या वाचून झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहितेय.

माझी आई सदाशिव पेठेतली, जन्मभर शाकाहारी. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. शिवाय पित्ताची गोळी रोज. तिला तळपायाला कापसावरून चालल्यासारखं वाटायला लागलं. देवापुढे डोळे मिटून उभी राहिली की तोल जायचा. मधुमेहामुळे नसा गेल्या असं सगळे म्हणाले. शेवटी बी१२ तपासलं तर १०० च्याही खाली.

बी१२ झाडापाल्यात मुळीच नाही. दूध-दही, अंडी, मासे, मांस एवढ्यातूनच मिळतं. मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी औषधं ते नीट शोषू देत नाहीत. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता उघडी पडायला वर्षं जातात.

आणि ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. तुमच्या गोळीत फॉलिक ॲसिड आहे. कृपया याच आठवड्यात तपासून घ्या. आईची इंजेक्शनं उशिरा सुरू झाली. तोल सुधारला, पण डाव्या पायाची बधिरता पूर्ण गेली नाही.

जुनीपाने | सोमवार, सकाळी ९.१५

मेतकूट यांनी पुणेकरांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी१२ कमी आढळलं. फॉलेट मात्र बहुतेकींचं पुरेसं होतं. पुढे ज्यांचं बी१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. म्हणजे हा फक्त आईच्या थकव्याचा प्रश्न राहत नाही.

थोडं अवांतर. फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली हे अनेकांना माहीत नसतं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर तिथे आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वाईट ॲनिमिया होत होता, पेशी मोठ्या असणारा. त्या या बायकांचा आहार बघत राहिल्या, हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिला की रक्त भराभर सुधारतं हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नक्की काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणत. तेच पुढे फॉलेट निघालं. आणि १९४५ मध्ये अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनवलं ते आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या गटाने.

बी१२ ची गोष्ट याला समांतर. बी१२ शोषलं न गेल्याने होणारा पर्निशस ॲनिमिया नावाचा आजार तेव्हा प्राणघातक होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी रोज सुमारे पाव किलो कलेजी खायला घालून रुग्ण वाचवले. कलेजीतला तो पदार्थ म्हणजे बी१२, हाती लागला १९४८ मध्ये.

सुरमई | सोमवार, सकाळी ९.३०

कलेजीचं मी काल म्हणालोच होतो :)

वैद्यकन्या | सोमवार, दुपारी १.००

वडील आयुर्वेदाचे वैद्य होते, म्हणून हे लहानपणापासून कानावर आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे साधारण आपल्या ॲनिमियाचे, पाच प्रकार सांगितलेत आणि पाचवा आहे मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाल्ल्याने होणारा. बाबा मुलांना तपासताना आईला हमखास विचारायचे, "भिंत चाटतो का? पाटी खातो का?"

स्लाइडवाला | सोमवार, दुपारी १.४०

सुंदर निरीक्षण आहे ते. आज आपण त्याकडे दुसऱ्या टोकाने बघतो. लोह कमी झालं की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खावंसं वाटतं, म्हणजे माती खाणं हेच लक्षण. पण उलटंही खोटं नाही. काही मातीमुळे लोहाचं शोषण कमी होतं, आणि मातीतून जंत पोटात जातात. एक विनंती मात्र आहे. कुठल्या तरी ठिकाणचं, न तपासलेलं भस्म कुणी घेऊ नये. तशा भस्मात शिसं असू शकतं, आणि ते पोटात गेलं तर त्यानेही ॲनिमिया होतो.

वैद्यकन्या | सोमवार, दुपारी १.५५

पूर्ण सहमत. बाबाही स्वतः बनवलेल्याशिवाय देत नसत.

खडूडबा | सोमवार, दुपारी २.३०

थांबा थांबा. बर्फ पण? माझी १४ वर्षांची मुलगी फ्रीजमधून बर्फाचे खडे काढून दिवसभर कडाकडा चावते. आणि तांदूळ निवडताना मूठ तोंडात. मी दातांसाठी ओरडत होते. ओठांचे कोपरेही सारखे फाटतात.

बाजरीचीभाकरी | सोमवार, दुपारी २.४०

उद्याच सीबीसी करा. नखंही बघा, चपटी किंवा चमच्यासारखी खोल झालीत का. पाळी सुरू होऊन किती झालं, किती जड जाते, तेही विचारा. मुली सांगत नाहीत.

अंगणवाडीताई | सोमवार, रात्री ९.२०

मी वेल्हे भागात काम करते, महिन्यातून एकदा पुण्याला येते. तुमचं सगळं वाचलं. आमच्याकडे किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी देतात, लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला रोज लाल गोळी, किमान १८० दिवस. शिवाय जंताची गोळी, अल्बेंडाझोल. आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, शेतात अनवाणी चालणाऱ्यांना तो पायातून शिरतो. म्हणून चपला घाला असं मी गोळीच्या आधी सांगते.

खरी अडचण गोळी पोचवण्याची नाही, पोटात जाण्याची आहे. एकदा शाळेच्या मागच्या गटारात निळ्या गोळ्यांचा थर दिसला. मुलींना रागावले नाही. बसवून विचारलं. एक म्हणाली, मळमळतं. दुसरी म्हणाली, शौच काळी होते, आई घाबरली. तिसरी म्हणाली, या गोळीने मूल होत नाही असं गावात बोलतात. मग आयांना बोलावलं. काळी शौच कशाने ते सांगितलं. गोळी उपाशी न देता मधल्या सुट्टीत खिचडीनंतर द्यायला लागलो. शोषण थोडं कमी होत असेल, पण फेकलेल्या गोळीचं तर शून्यच होतं ना. मी त्यांच्यासमोर स्वतः एक गिळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मधल्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींना ॲनिमिया निघाला. आमच्या वस्तीत तो आकडा मला चेहऱ्यांनिशी माहीत आहे.

नळस्टॉप | सोमवार, रात्री ९.४५

ताई, तुम्हाला दंडवत.

मळमळ होणाऱ्यांसाठी एक. हल्लीच्या अभ्यासांत असं दिसलंय की लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण एक दिवस पुढचं शोषण रोखून धरतं. म्हणून काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. त्रासही कमी होतो. आपापल्या डॉक्टरांना विचारा.

हडपसरकर | मंगळवार, सकाळी १०.००

माझं उलटं आहे. पाच वर्षं लोह खाल्लं आणि गरजच नव्हती. हिमोग्लोबिन कायम ११ च्या आसपास, एमसीव्ही ६४. प्रत्येक ठिकाणी "आयर्न कमी" म्हणून गोळ्या. कुणी फेरिटिन केलं नाही. लग्न ठरल्यावर एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, पेशी इतक्या लहान, पण पेशींची संख्या ५७ लाख, जास्तच आहे. लोह कमी असलं तर संख्या अशी वाढत नाही. एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी सांगितली, ते जास्त, ५.३ आलं. बीटा थॅलेसेमियाची वाहक.

वाहक म्हणजे आजारी नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, आणि त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. होणाऱ्या नवऱ्याची तपासणी केली, तो वाहक नव्हता. घरच्यांनी आधी "पत्रिका जुळली ना, मग रक्त कशाला" म्हटलं होतं. मी हट्टाने केली.

गोंडवनवारा | मंगळवार, सकाळी १०.२५

हट्ट केलात ते फार बरं केलंत.

मी गडचिरोलीचा, पुण्यात वसतिगृहात राहून शिकतो. आमच्याकडे सिकलसेल, हाही रक्ताचा आनुवंशिक आजार. पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. माझ्या मामेभावाला दुखण्याचा झटका आला की हाडं कुणी पिळल्यासारखी वाटतात, असं तो सांगतो. पुण्यात एकदा त्याला झटका आला तेव्हा एका ठिकाणी तो नाटक करतोय असं समजले होते. विदर्भ आणि नंदुरबारकडची मुलं आता इथे मोठ्या संख्येने शिकतात, पुणेकरांनाही हे माहीत असायला हवं. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालंय, त्यात तपासणी होते. आमच्याकडे लोक लग्नाआधी या तपासणीचं कार्ड बघायला लागलेत.

खडूडबा | बुधवार, सायंकाळी ५.००

मुलीचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ६८, फेरिटिन ५. पाळी नऊ-नऊ दिवस चालते, मला तीन दिवस म्हणून सांगत होती. शाळेत पॅड बदलायला जागा नीट नाही म्हणून ती दिवसभर पाणी प्यायची नाही. आज डॉक्टरांकडे गेलो. औषधं सुरू झाली, पाळीसाठीही दिलंय. रक्त गोठण्याचीही तपासणी सांगितली आहे, इतक्या लहान वयात एवढा रक्तस्राव का ते बघायला.

मी तिला आळशी म्हणत होते हो. सकाळी उठत नाही म्हणून.

मेतकूट | बुधवार, सायंकाळी ५.१५

आता कळलं ना, जवळ घ्या तिला. लोह मिळायला लागलं की बर्फाची ओढ बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच जाते, बघा.

पर्वतीपायरी | शुक्रवार, रात्री ९.१०

मंडळी, उशीर झाला, पण सगळं नीट करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी सर्वांत आधी पायावर कंप पावणारा चिमटा ठेवला. उजव्या अंगठ्यावर मला तो कंप जाणवलाच नाही. त्यांचा चेहरा बदलला. जीभ बघितली, गुळगुळीत आणि लाल होती. मला वाटायचं तिखटाने.

फेरिटिन ९. बी१२ ११८. दोन्ही कमी! स्मिअरमध्ये दोन प्रकारच्या पेशी एकत्र. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ. म्हणजे लोह पाळीतून जात होतं आणि बी१२ ताटात पुरेसं नव्हतंच. लहान पेशी आणि मोठ्या पेशी मिळून एमसीव्ही ८७. अगदी बोरं आणि मोसंबी.

बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, लोह दुपारी जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर. पाळीसाठी औषध, सहा महिन्यांनी गाठ पुन्हा बघणार.

स्लाइडवाला | शुक्रवार, रात्री ९.४०

ताई, वाटलंच होतं. जमलं तर स्लाइडचा फोटो मागून घ्या आणि बघा. लोहाच्या कमतरतेतल्या पेशी मध्ये अगदी फिक्या असतात, नुसती कडेची रेघ, पातळ बांगडीसारखी. त्यांच्याच शेजारी बी१२ वाल्या मोठ्या, अंड्याच्या आकाराच्या, भरीव. आणि पांढऱ्या न्यूट्रोफिल पेशीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं असायला हवं, ते सहा-सहा तुकड्यांचं झालेलं दिसतं. पांढऱ्या पेशी ३८०० का होत्या त्याचंही उत्तर हेच. बी१२ नसलं की मज्जेत सगळ्याच पेशींचं काम अडतं. आठवड्याभराने रेटिक्युलोसाइट वाढलेले दिसतील, त्या नव्या कोवळ्या पेशी. आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झालं तरी लोह मध्येच सोडू नका, साठा भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात.

चिंचपाणी | शुक्रवार, रात्री १०.००

ताई, मी पहिलाच प्रतिसाद बीटाचा दिला होता. वहिनीला आज फोन केला. ती तेव्हा गोळ्याही घेत होती म्हणाली, मला बीटाचंच सांगितलं होतं. तिलाही फेरिटिन करायला सांगितलंय.

पर्वतीपायरी | सात आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.३०

हिमोग्लोबिन ११.६. आरडीडब्ल्यू अजून जास्त आहे, डॉक्टर म्हणाल्या जुन्या पेशी १२० दिवस जगतात, त्या जाईपर्यंत तसंच दिसेल. मुंग्या कमी झाल्यात, अंगठा अजून थोडा बधिर. अंडं खायचं ठरवलंय. आईला सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझंही तपास." तिचं बी१२ १४२ आलं. उद्यापासून तिची इंजेक्शनं.

आज पर्वती चढले. दोनदा थांबले. त्या आजी वर बाकावर बसल्या होत्या, ओळखलं त्यांनी.